विंगला भोगवटा प्रमाणपत्र

महापालिकेच्या बांधकाम परवानगी खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला कोणी विचारत नाही, असं म्हणतात ते खरं नाही. विचारतात. फक्त वरचा मजला कसा चढवता येईल एवढंच विचारतात, आणि तेही 'सहज आपलं' म्हणून. त्यामुळे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला माझा भाचा लॅपटॉप उघडून समोर बसला आणि म्हणाला, "मामा, एका नियमाचा अर्थ सांग, मागच्या बाजूला किती बाहेर काढता येईल?", तेव्हा मी सवयीने विचारलं, "रस्ता किती मीटरचा आहे?"

रस्त्याचा काही संबंध नव्हता. प्रश्न गाडीचा होता, आणि गाडीही अजून कागदावरच होती. कॉलेजातली पंचवीस-तीस मुलंमुली मिळून एक माणूस बसेल एवढी शर्यतीची गाडी स्वतः बनवतात, तिच्यावर वर्षभर झोप आणि हजेरी दोन्ही घालवतात, आणि जानेवारीत ती टेम्पोत घालून कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर नेतात. तिथे 'फॉर्म्युला भारत' नावाची स्पर्धा भरते. मूळ कल्पना अमेरिकेतली, १९८१ सालची. आता जर्मनीपासून जपानपर्यंत सगळीकडची मुलं यात रात्री जागवतात. आमचे भाचेराव त्यांच्या टीममध्ये 'एअरो'ला होते. म्हणजे हवा गाडीवरून कशी जावी हे ठरवणं त्यांच्याकडे. घरात पंखा कितीवर असावा हे त्यांना आजवर ठरवता आलेलं नाही.

हवेच्याच मागे का लागायचं, हा माझा पहिला प्रश्न. गाडी जोरात पळवायची तर मोठं इंजिन बसवावं. पण ती वाट नियमानेच बंद केलेली. आपल्याकडच्या पुष्कळ टीम चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० मोटारसायकलचं जुनं ३७३ सीसीचं इंजिन घेतात, आणि स्पर्धेच्या नियमांचं पुस्तक सांगतं की पेट्रोलच्या इंजिनात जाणारी सगळीच्या सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच भोकातून गेली पाहिजे. मग उरतं काय? गाडीचं वजन, टायर, आणि बाहेरून फुकट वाहणारी हवा. शहराच्या मध्यवस्तीतल्या अर्ध्या गुंठ्यात बंगला बांधायला निघालेला माणूस जसा शेवटी आकाशाकडे बघतो, तशीच ही मुलं हवेकडे बघतात.

मग मी ते रूलबुक वाचायला घेतलं. शंभरावर पानं. पहिल्या वीस पानांत माझे डोळे भरून आले. इतकं स्वच्छ लिहिलेलं नियमांचं पुस्तक मी नोकरीत असताना पाहिलं नव्हतं. एकही कलम 'सक्षम अधिकाऱ्याच्या मते आवश्यक वाटल्यास' असं सुरू होत नव्हतं. सगळं मिलिमीटरमध्ये. पुढची विंग पुढच्या टायरच्या पुढे ७०० मिलिमीटरपर्यंतच. मागची विंग मागच्या टायरच्या मागे २५० मिलिमीटरपर्यंतच. पुढच्या चाकांसमोर येणाऱ्या भागाची उंची जमिनीपासून २५० मिलिमीटरच्या आत. मागच्या विंगची उंची त्या वर्षीच्या पुस्तकाप्रमाणे १.२ मीटरच्या आत. आणि प्रत्येक चाकाच्या पुढे-मागे ७५ मिलिमीटर जागा मोकळी. तिथे गाडीचा कोणताही भाग येता कामा नये.

"अरे, ही तर सामासिक अंतरं आहेत," मी म्हणालो. "फ्रंट मार्जिन, रिअर मार्जिन, साइड मार्जिन. मग यात अर्थ कसला लावायचा? लिहिलंय तेवढं सोडायचं."

"सोडायचं नाही मामा, वापरायचं. ७०० म्हटलंय ना, आमची विंग ६९९ ला संपते."

माझ्या डोळ्यांसमोरून माझ्या टेबलावर आलेले सगळे आर्किटेक्ट सरकून गेले.

यातलं शास्त्र एकदा समजून घेतलं की सोपं आहे. विमानाचा पंख उलटा करून गाडीवर बसवायचा. विमान वर उचललं जातं, गाडी खाली दाबली जाते. टायर रस्त्यावर जितका दाबला जाईल तितकी वळणावर पकड जास्त. आता दाब तर गाडीत दोन पोती सिमेंट टाकूनही वाढेल. पण वळणावर ती पोतीही बाहेरच्या बाजूला ओढ घेतात, आणि मिळालेली पकड त्यांनाच आवरण्यात खर्च होते. हवेने दिलेला दाब मात्र वजनात धरला जात नाही. आमच्या खात्यात याला फ्री ऑफ एफएसआय म्हणत, आणि त्यापायी माणसं काय काय करतात ते मी अनेक पावसाळे पाहिलं आहे.

फुकट काही नसतं, हेही खरं. वेग दुप्पट झाला की हवेचा दाब चौपट होतो, म्हणजे वेग निम्मा झाला की दाब चौथाईवर येतो. चांगल्या टीमच्या गाडीला ताशी ६० किलोमीटरला विंगांमुळे ५० किलोच्या आसपास दाब मिळू शकतो. ताशी ३० ला तोच साडेबारा किलो. आणि विंगा, त्यांच्या बाजूच्या एंडप्लेट आणि त्यांना धरणारे दांडे मिळून वजन सहज दहा-बारा किलो भरतं. स्पर्धेतली सगळ्यात मोठी फेरी म्हणजे एन्ड्युरन्स, २२ किलोमीटरची, आणि तिचा ट्रॅकच असा नागमोडी आखतात की सरासरी वेग ताशी ५० च्या घरात राहावा.

हा हिशेब मी जेवताना मांडला तेव्हा ही ताक वाढता वाढता म्हणाली, "पन्नासने तर रिक्षापण जाते. तिला कुठे पंख लागतात?"

भाचा दोन मिनिटं गप्प बसला. मग म्हणाला, "मामी, रिक्षा वळताना पडते."

याला उत्तर नव्हतं. तिने ताक वाढलं.

पण त्या पुस्तकातलं जे कलम वाचून मी खुर्चीतून उठलो ते विंगचं नव्हतं. सुरुवातीलाच एका ओळीत म्हटलं होतं की नियमाचा हेतू मोडणं हे नियम मोडणंच समजलं जाईल. मी ते तीनदा वाचलं. हे कलम आमच्या विकास नियंत्रण नियमावलीत असतं तर? बाल्कनीला काचा लावून 'पावसाचं पाणी येतं हो साहेब' म्हणणारे. पोटमाळा म्हणून नकाशात दाखवून त्यावर मुलाचं लग्न लावून संसार थाटून देणारे. पार्किंगला शटर बसवून आत किराणा दुकान काढणारे. शहराचं काय झालं असतं, कल्पनाच करवत नाही. घरात राहायला किती लोक उरले असते तेही सांगता येत नाही.

मोटार शर्यतीच्या इतिहासात अर्थातच हे कलम गिळून बसलेले महाभाग होऊन गेले, आणि भाच्याने मला ते सगळे ऐकवले. मोठ्या फॉर्म्युला वनमधले. १९७८ मध्ये स्वीडनच्या शर्यतीत ब्रॅबम कंपनीने गाडीच्या मागे एक भला मोठा पंखा बसवून आणला. गाडीखालची हवा ओढून घ्यायची आणि गाडी जमिनीला चिकटवायची. नियम म्हणत होता, हलणारी वायुगतिकीची साधनं चालणार नाहीत. डिझायनर गॉर्डन मरी म्हणाला, पंखा इंजिन थंड करण्यासाठी आहे. आणि तो खोटं बोलत नव्हता! पंखा खरोखरच इंजिन थंड करत होता. निकी लाउडा ती शर्यत जिंकला, बाकीच्यांनी बोंबाबोंब केली, आणि ती गाडी पुन्हा शर्यतीत उतरली नाही. 'साहेब, गच्चीवर ती शेड झाडांसाठी आहे' हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की मरीसाहेब मला घरचेच वाटू लागले.

त्याच गृहस्थांनी तीन वर्षांनी केलेली करामत याहून सरस. १९८१ मध्ये नियम आला की गाडीच्या तळाखाली सहा सेंटिमीटर मोकळी जागा हवी. जागा मोजायची कधी, तर गाडी पिटमध्ये उभी असताना. मरीने सस्पेन्शनच असं बनवलं की गाडी पळू लागली की हवेच्या दाबाने हळूहळू खाली बसायची, आणि परत येताना वेग कमी झाला की पुन्हा वर यायची. तपासणीला बरोबर सहा सेंटिमीटर. त्या गाडीवर नेल्सन पिके त्या वर्षीचा जगज्जेता झाला. मी साइट व्हिजिटला येणार कळल्यावर आदल्या रात्री ग्रिल उतरवून गादीखाली ठेवणारं एक कुटुंब मला आठवलं. गादीला आलेला उंचवटा मी पाहिला होता, पण गादी तपासायचं कलम नव्हतं.

आमच्या मुलांच्या मनात असलं काही नव्हतं, हे मी खात्रीने सांगतो. त्यांच्या मनात फक्त ६९९ होतं.

गाडीचा सांगाडा कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, पण विंगांचे मोल्ड ठेवायला जागा नाही म्हणून ते आमच्या सोसायटीत माझ्या पार्किंगमध्ये आले. मी रीतसर अर्ज घेतला. कार्बन फायबरचं कापड, रेझिन, हार्डनर, व्हॅक्यूम बॅग, आणि पॉलिश पेपर तर इतका की बोहरी आळीतल्या दुकानदाराला वाटलं आम्ही फर्निचरचं काम घेतलंय. त्याच दुकानात अर्ध्या इंचाची ॲल्युमिनियमची एल पट्टी मागितल्यावर त्याने विचारलं, "कशाला?" भाचा म्हणाला, "विंगला." तो म्हणाला, "ए का बी?"

ही एल पट्टीची भानगड मोठी मजेदार. तिला गर्नी फ्लॅप म्हणतात. डॅन गर्नी नावाच्या अमेरिकन ड्रायव्हर-मालकाने १९७१ मध्ये विंगच्या मागच्या काठावर अशी उभी पट्टी बसवली आणि गाडीचा दाब एकदम वाढला. शेजारच्या टीमवाल्यांनी विचारलं की ही पट्टी कशाला, तर म्हणाला, गाडी ढकलताना पोरांचे हात कापू नयेत म्हणून. लोकांनी ते खरं मानलं. एवढ्याशा पट्टीने एवढं होत असेल हे कोणाच्या मनात येणार? रेझिन, मोल्ड, कॉम्प्युटरवरचे आठवडे, या सगळ्यांपुढे त्या पट्टीला किती पैसे पडले ते बोहरी आळीच्या बिलावर आहे. मी सांगत नाही, पोरांना वाईट वाटेल.

विंग तयार झाल्यावर हवा तिच्यावरून खरंच नीट जाते का हे बघायचं. हवा दिसत नाही, आणि विंड टनेल काही माझ्या पार्किंगमध्ये बसत नाही. मग लोकरीचे बोटबोटभर तुकडे विंगच्या खालच्या अंगाला सेलोटेपने चिकटवायचे, गाडी पळवायची आणि शेजारून मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. तुकडे सरळ मागे लोळले तर हवा विंगला धरून चालली आहे. वळवळायला किंवा उलटे फिरायला लागले तर तिथे हवा सुटली. हे तंत्र जुनं आहे आणि अगदी भरवशाचं. लोकर हिने नातवाच्या स्वेटरसाठी आणलेली होती, पिवळी. मागायला भाच्याने मला पुढे केलं. मला वाटलं, आता ताकही बंद होणार. तर ही चष्मा लावून खाली आली, विंगवरचा एक तुकडा चिमटीत धरला आणि म्हणाली, "ही चार पदरी आहे, जड पडेल. पदर सोडवून एकेक लावा. आणि टोकाला गाठ मारा, नाहीतर पिंजेल."

तिचं बरोबर होतं. एकपदरी लोकरीने जे दिसलं ते चारपदरीने दिसलंच नसतं. मागच्या विंगचा दोन्ही बाजूंचा भाग छान चालला होता आणि मधल्या भागातली लोकर मरगळून लोंबत होती. पोरं हवालदिल झाली. कॉम्प्युटरवर तर मधला भाग उत्तम आला होता! रात्री साडेअकरापर्यंत आकडेमोड चालली. शेवटी टीमच्या कॅप्टनने, एका शांत मुलीने, कॉम्प्युटरवरचं गाडीचं चित्र फिरवून फिरवून पाहिलं आणि विचारलं, "यात ड्रायव्हर कुठाय?"

ड्रायव्हर नव्हता. गाडीत बसणारा माणूस, त्याचं हेल्मेट आणि त्याच्या डोक्यामागची सुरक्षेची कमान हे सगळं मागच्या विंगच्या बरोबर समोर येतं, आणि मंजूर नकाशात माणूसच दाखवलेला नव्हता. मी काही बोललो नाही. आमच्या शहरात अख्खे रस्ते असे आखलेले आहेत.

दुरुस्ती झाली. विंगच्या मधल्या भागाचा कोन बदलला. मग मी हट्ट धरला की विंग लावून फेऱ्या मारा, काढून मारा आणि पुन्हा लावून मारा. एकदाच पाहिलं तर ड्रायव्हरचा हात बसल्यामुळे वेळ सुधारला की विंगमुळे, हे कळत नाही. एक पाहणी म्हणजे पाहणी नव्हे, हे मी नोकरीत शिकलो. कॉलेजच्या पार्किंगमध्ये शंकू मांडून केलेल्या त्या चाचणीत विंग लावलेली गाडी फेरीमागे अर्ध्या सेकंदाच्या आसपास जलद निघाली. जल्लोष झाला. पण तो अर्धा सेकंद मिळवणारी पुढची विंग टायरच्या पुढे सातशे मिलिमीटर निघालेली, आणि एन्ड्युरन्समध्ये एक शंकू पाडला की दंड दोन सेकंद. म्हणजे चार फेऱ्यांत एकच शंकू उडवला की सगळी कमाई साफ. माझं मत विचाराल तर नवख्या टीमने आधी गाडी २२ किलोमीटर न थांबता पळवून दाखवावी, मग ड्रायव्हरला भरपूर सराव द्यावा, आणि त्यातूनही वेळ उरला तर विंगला हात घालावा. हे मी मुलांना सांगितलंही. त्यांनी आदराने ऐकून घेतलं. साइड मार्जिन सोडा म्हटल्यावर अर्जदार ऐकून घेतात तसंच.

उरली ताकदीची परीक्षा. विंग फडफडून उडू नये म्हणून नियम आहे: १५ बाय १५ सेंटिमीटर एवढ्या जागेवर २०० न्यूटन, म्हणजे सुमारे २० किलो, जोर दिल्यावर ती १० मिलिमीटरपेक्षा जास्त लवता कामा नये. वाण्याकडून २० किलोचं लोखंडी वजन आणलं. वाण्याला वाटलं वजनमापवाल्यांची तपासणी आली, म्हणून त्याने ते आधी पुसून दिलं. विंग जेमतेम चार मिलिमीटर लवली. कारण ही, की भाच्याने नियमाला भिऊन कार्बनचा एक थर जास्तच चढवला होता. हवेत कमावलेलं बरंचसं वजनात गेलं, पण ती गोष्ट मी त्याच्याकडे काढली नाही.

जानेवारीत मी कोइमतूरला गेलो. पुण्यावरून थेट गाडी आहे. टेक इन्स्पेक्शनच्या मांडवात एक परीक्षक गुडघे टेकून, टेप लावून, जमिनीला गाल लावून मापं घेत होता, आणि मला पहिल्यांदाच त्या गर्दीत आपला माणूस दिसला. त्याने मागची विंग तळहाताने चारी बाजूंनी ढकलली, पुढच्या कडांवर बोट फिरवलं. समोरची कड धारदार नसावी, गोलाई ठरलेली असते. ७०० चा नियम मोजला. ६९९. माझा भाचा हसला.

मग परीक्षकाने ड्रायव्हरला खाली उतरायला सांगितलं आणि पुढच्या विंगची उंची पुन्हा मोजली. २५४.

नियमात स्पष्ट लिहिलेलं आहे की सगळी मापं ड्रायव्हर बसलेला असताना आणि नसताना, दोन्ही वेळा बसली पाहिजेत. ड्रायव्हर बसला की स्प्रिंगा दबतात आणि गाडी काही मिलिमीटर खाली जाते. उतरला की वर येते. पोरांनी पार्किंगमध्ये प्रत्येक वेळी तो बसलेला असतानाच टेप लावली होती. कॉम्प्युटरवर जिथे माणूस हवा होता तिथे त्याला घेतलं नव्हतं, आणि मोजताना जिथे नको होता तिथे तो बसून होता. परीक्षक अत्यंत नम्रपणे "कापून आणा" म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे वळला. नोटीस नाही, सुनावणी नाही, स्थगिती नाही. नाकाला मास्क बांधून पोरांनी दोन्ही एंडप्लेटचे वरचे काठ पॉलिश पेपरने घासून खाली आणले. दुसऱ्या खेपेला स्टिकर मिळालं. भोगवटा प्रमाणपत्र एका दिवसात! मी त्या परीक्षकाला चहा पाजायला गेलो, तर त्याने स्पर्धक टीमच्या माणसाकडून चहा घेता येत नाही म्हणून सांगितलं. मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

डिझाइनच्या परीक्षकांनी लोकरीचा व्हिडिओ दोनदा पाहिला आणि लावून-काढून-लावून केलेल्या चाचणीबद्दल चांगले गुण दिले. एन्ड्युरन्समध्ये गाडी निम्म्याच्या पुढे गेली, ड्रायव्हर बदलला, आणि दुसऱ्याच फेरीत साखळी निसटून ती उभी राहिली. टेम्पोत चढवताना सगळे विंगच धरत होते. ती दहा मिलिमीटरसुद्धा लवली नाही.

पुढच्या वर्षीची विंग आणखी हलकी करायची आहे आणि मोल्ड ठेवायला एक पार्किंग कमी पडतंय. सोसायटीत जागा रिकामी असेल तर मुलांना जरूर द्या. फक्त अर्जात एक अट स्पष्ट लिहून घ्या: रेझिन रात्री दहानंतर कालवायचं नाही. वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो.